चार नंबरचा माणूस

"टाच लाव. अंगठ्याले टाच लाव," भगवंतराव म्हणाले, आणि शिकवणाऱ्या मॅडमकडे नजर जाताच त्यांनी स्वतःला आवरलं. "लावा. लावा तुमी."

फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीची बारा फुटांची रेघ मारलेली होती. छातीवर चार नंबरचा कागद टाचलेला तो माणूस तिच्यावरून चालायचा प्रयत्न करत होता. पन्नाशीचा, हाडकुळा, दाढी नीट कातरलेली. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे झुकला, तोल सावरायला दोन्ही हात पसरले, आणि चौथं पाऊल रेघेच्या वीतभर बाहेर पडलं. मागे खुर्च्यांवर बसलेल्या चाळीस पोलिसांत खसखस पिकली.

"पावलं मोजा. मोठ्यानं मोजा."

"एक... दोन..." जीभ जड होती. आकडे एकमेकांना चिकटून बाहेर पडत होते.

भगवंतरावांनी पेन काढलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू बाजूला नेलं. आदल्या दिवशी मॅडमनी शिकवलं होतं की दारू प्यालेल्याची बुबुळं कडेला गेल्यावर थरथरतात. याची थरथरत होती. तरी भगवंतरावांचं समाधान झालं नाही. ते एक पाऊल पुढे सरकले, मान किंचित पुढे काढली आणि नाकपुड्या फुलवल्या. शर्टाला साबणाचा वास होता. तोंडाला वेलचीचा.

वेलची. म्हणजे वास दाबायची युक्ती. त्यांनी हातातल्या कागदावर चार नंबरसमोर ठसठशीत लिहिलं, 'प्यालेला.' आणि मागे वळून आपल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा तर टन्न आहे."

हवालदार भगवंतराव गावंडे अकोल्याच्या वाहतूक शाखेतले. नोकरीची बत्तीस वर्षं झाली होती, निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांचं नाक अकोला जिल्ह्यात प्रसिद्ध होतं. गाडीची काच अर्धी खाली झाली की ते सांगत, देशी की विदेशी, आत्ताची की रात्रीची. नवे पोट्टे त्यांना गमतीनं 'मशीन' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. म्हणून दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायचं कसं, याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी अमरावतीला जायचा हुकूम आला तेव्हा त्यांना तो अपमानच वाटला. शिकवणाऱ्या सहायक निरीक्षक पौर्णिमा तायडे त्यांच्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, एवढंच. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "समोरचा माणूस आरोपी आहे हे तुम्ही नाही ठरवायचं. ते ठरेपर्यंत त्याला 'तुम्ही' म्हणायचं." भगवंतरावांनी शेजारी बसलेल्या, अकोल्याच्याच शिपाई धर्मेंद्रकडे पाहून भुवया उडवल्या होत्या.

आजचा प्रयोग असा होता. पडद्यामागून एकेक करून सहाजण येणार. त्यातल्या काहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तासाभरापूर्वी मोजून दारू दिलेली, काहींना नाही. किती आणि कोण, हे गुपित. मशीन न लावता पोलिसांनी ओळखायचं. गटाच्या वतीनं तपासायला भगवंतराव उभे राहिले होते, कारण सगळ्यांनी त्यांनाच पुढे ढकललं होतं. त्यांनी चौघांसमोर 'प्यालेला' लिहिलं. एक, तीन, चार आणि सहा.

मॅडमनी फुंकायचं मशीन हातात घेतलं. "तोंडात आधीचं काही असलं तर आकडा खोटा येतो. म्हणून पंधरा मिनिटं थांबायचं. औषध घेतलेलं असेल, चूळ भरलेली असेल, ढेकर आलेली असेल. यांची पंधरा मिनिटं माझ्यासमोर झाली आहेत." एक नंबरवाल्यानं फुंकलं, आकडा चढला. तीन नंबरचाही चढला. भगवंतराव हाताची घडी घालून उभे होते.

चार नंबरवाल्यानं नळी ओठांत धरली. त्याचा हात थरथरत होता, म्हणून मॅडमनी मशीन खालून धरलं. शिट्टीसारखा आवाज होऊन थांबला.

"शून्य," मॅडमनी वाचलं.

"मशीन बिघडलं आहे," भगवंतराव म्हणाले.

मॅडमनी दुसरं मशीन काढलं, नवी नळी लावली. शून्य. भगवंतरावांना आता खात्रीच झाली की यात काहीतरी बनाव आहे. ते पुढे गेले. "तिसरं द्या. माह्या हातात द्या." मशीन त्यांनी स्वतः धरलं, त्याचा आकड्यांचा पडदा स्वतःकडे वळवला, आणि त्या माणसाच्या अगदी जवळ उभे राहिले. त्यानं श्वास भरून घेतला. फुंकायच्या आधी तो त्यांच्याच डोळ्यांत पाहत, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला,

"साहेब, त्या दिवशी एकबी मशीन नव्हती."

मग त्यानं फुंकलं. पडद्यावर तीन शून्यं उमटली. या तिसऱ्या मशीननंही चिठ्ठी छापून बाहेर टाकली, तशी त्यानं ती फाडून घेतली आणि पहिल्या दोन चिठ्ठ्यांबरोबर शर्टाच्या खिशात ठेवली.

मॅडम वर्गाकडे वळल्या. "यांना लहान मेंदूचा, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाचा आजार आहे. तोल जातो, जीभ जड होते, डोळे थरथरतात. यांची काठी आम्ही मुद्दाम पडद्यामागे ठेवली होती. आणि सहा नंबरनेही थेंब घेतलेला नाही, फक्त शर्टावर दारू शिंपडली आहे. गावंडे काका, तुमच्या नाकानं शर्ट पकडला." हशा झाला. "चालण्यावरून, बोलण्यावरून एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते कळत नाही."

चार नंबरच्या माणसाला कोणीतरी काठी आणून दिली. तो दाराबाहेर गेला.

जेवणाच्या सुट्टीत भगवंतरावांनी ताट बाजूला सारलं. त्या दिवशी म्हणजे कोणत्या? बत्तीस वर्षांत त्यांनी किती माणसं गाडीतून खाली उतरवली होती याची गणती नव्हती. चेहरे आठवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. त्यांना आठवलं ते एवढंच, की निवृत्तीला आठ महिने राहिलेत आणि अशा वेळीच जुनी भुतं उठवली जातात. या माणसाला कोणी आणलं? मॅडमनी? अकोल्याच्या कोणी सांगून? तीन चिठ्ठ्या त्यानं खिशात का घातल्या?

"काका, तुमाले बराबर फसवलं राजेहो," धर्मेंद्र पोळीचा तुकडा मोडत म्हणाला.

"तुले माहीत होतं का?"

"काय?"

"हा माणूस येनार होता ते."

धर्मेंद्र हसायचा थांबला. "मले कसं माहीत असंन, काका?"

भगवंतरावांनी त्याच्या डोळ्यांत पाहून तो खोटं बोलतो का ते ताडायचा प्रयत्न केला. पहिल्यांदाच त्यांना ते ठरवता येईना.

ते मॅडमना जाऊन भेटले. मॅडम म्हणाल्या की मेंदूच्या आजाराच्या डॉक्टरांना त्यांनी विनंती केली होती, तपासणीला येणाऱ्यांपैकी कोणी तयार असेल तर पाठवा म्हणून. "बहुतेकांनी नाही म्हटलं. पोलिसांपुढे कोण चालून दाखवणार? हे स्वतःहून आले. काहून विचारता?"

"सहजच," भगवंतराव म्हणाले. टेबलावर हजेरीचा कागद होता. तो त्यांनी उलटा वाचला. शेख कुर्बान शेख उस्मान. खाली अमरावतीचा पत्ता.

त्यांनी अकोल्याला घरी फोन लावला. त्यांची बायको वच्छलाबाई म्हणाल्या, "आवाज काहून असा येऊन राहिला?"

"कसा?"

"किशोरचा फोन आला होता आज. तुमी अमरावतीले गेले म्हनून सांगितलं, तं म्हने, बाबाले आता कोन शिकवनार?"

मुलगा किशोर पुण्याला नोकरीला होता. कॉलेजात असताना तो घरात शिरला की भगवंतराव दारातच त्याचा खांदा धरून त्याला जवळ ओढत आणि तोंडाचा वास घेत. मित्रांसमोरसुद्धा. त्याच्या तोंडाला कधी वास आला नव्हता, पण म्हणून वास घ्यायचं थांबवावं असं त्यांना कधी वाटलं नाही. आता तो दिवाळीला येई, वाकून पाया पडे आणि लगेच दोन हात मागे सरकून उभा राही.

"शेख कुर्बान नावाचा कोनी आठवते का तुले?" त्यांनी विचारलं.

"तेल्हाऱ्याचा? शायेच्या पोट्ट्यांची गाडी चालवत होता तो? बाजारात समद्या बाया त्याचंच बोलत होत्या तवा. तुमीच तं पकडला होता."

तेल्हारा म्हणताच त्यांना तिथल्या नेमणुकीतला चौक आठवला. बारा वर्षांपूर्वीची, जुलैतली सकाळ. पांढरी व्हॅन रस्त्यात नागमोडी येताना दिसली होती, आत गणवेशातली मुलं कोंबलेली. ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलेलं आठवलं. त्याचा चेहरा मात्र आठवला नाही.

साडेपाचला वर्ग सुटला. भगवंतरावांनी धर्मेंद्रला काम आहे म्हणून सांगितलं आणि रिक्षा केली. राजापेठेत ट्यूशनच्या पोरापोरींच्या गाड्यांत रिक्षा अडकली तेव्हा त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली. माफी मागायला ते चालले नव्हते. हा माणूस काय करणार आहे, कोणाकडे जाणार आहे, त्याला काय हवं आहे, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. समोरच्याच्या मनात काय आहे ते तो बोलायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, अशी त्यांची जन्माची सवय होती.

घर दोन खोल्यांचं होतं. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी त्यांची खाकी पँट पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"हलीमा, येऊ दे त्याहिले," आतून आवाज आला. "मी म्हनलंच होतं, येतील म्हनून."

कुर्बान पलंगावर बसला होता. काठी भिंतीला टेकवलेली. भगवंतराव समोरच्या खुर्चीवर बसले. मशीन धरताना त्या माणसाला जवळून पाहिलं होतं, तरी आता नव्यानं पाहत असल्यासारखे ते पाहत राहिले.

"काय पायजे तुमाले?" त्यांनी विचारलं.

"कायी नाही."

"मंग आले काहून? चिठ्ठ्या कायले ठेवल्या?"

"पोलिसापुढं एकदा फुंकायचं होतं," कुर्बान म्हणाला. त्याला शब्द सावकाश जुळवावे लागत, पण तो घाई करत नव्हता. "मशीनमधी. आन् कोनी तरी आकडा मोठ्यानं वाचावा, असं वाटत होतं. तुमी असान तथी, हे मले माहीत नव्हतं. पडद्यातून पाह्यलं आन् वयखलं."

भगवंतरावांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी खोलीत नजर फिरवली. कपाटावर औषधांचा डबा, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात गणिताच्या वह्यांचा गठ्ठा. संशय घ्यावा असं काहीच सापडेना, आणि त्यामुळेच त्यांना जास्त अस्वस्थ वाटलं.

"वास आला होता तुमच्या तोंडाले," ते म्हणाले. "मले चांगलं आठवते."

"येनारच. चक्कर येत होती महिनाभरापासून. होमिओपॅथीचे थेंब होते, गाडी काढायच्या आधी जिभेवर टाकले. मी सांगितलं होतं तुमाले. दोनदा सांगितलं. आमच्यात हराम आहे साहेब, असंबी म्हनलो. तुमी म्हनले, सगये असंच म्हनतात."

हे मी म्हणालो असेन, असं भगवंतरावांना वाटलं. ते रोजच म्हणत.

"चौकात रेघेवरून चालवलं तुमी मले. पानटपरीवाले हसत होते. मंग दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दुरूनच पाह्यलं आन् लिहिलं, वास येते, तोल जाते. रक्त घेतलं नाही. कोर्टात वकील म्हने, कबूल कर, एका दिवसात मोकया होशीन. मी कबूल केलं."

"कबूल केलं ना," भगवंतराव पटकन म्हणाले.

"हाव. केलं."

हलीमाबी चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं नाही.

"पण हे पाहा, कुर्बानभाई," भगवंतरावांचा आवाज आपसूक खाली आला. भाई हा शब्द कसा तोंडातून निघाला ते त्यांनाही कळलं नाही. "तुमाले आजार होताच. अकरा पोरं होती गाडीत. मी थांबवली नसती अन् पुढं काही झालं असतं, तं?"

"ते बराबर आहे." कुर्बाननं मान हलवली. "गाडी चालवनं सुटलं ते बरंच झालं. सहा वर्षांनी या बिमारीचं नाव समजलं तवा मी पयलं हेच म्हनलो. गाडीचं दुख नाही, साहेब. कागदावर जे लिहिलं, त्याचं आहे. बिमार लिहिलं असतं तं गाव पाहाले आलं असतं. पेलेला लिहिलं, तं मशिदीत माह्या बाजूची जागा रिकामी राहाले लागली."

बाहेर स्कूटरचा आवाज थांबला. हलीमाबी लगबगीनं दाराकडे गेल्या. "निखत आली," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच भगवंतरावांकडे वळल्या. त्यांचा आवाज अगदी हलका होता. "साहेब, आमाले कायी नको. पन तिले एक सांगा. हे पेले नव्हते, एवढं सांगा. तुमच्या तोंडानं."

"हलीमा, राहू दे," कुर्बान म्हणाला.

त्यांची मुलगी निखत आत आली. वीस वर्षांची, खांद्याला पिशवी, बोटांना खडूची भुकटी. राजापेठेतल्या एका क्लासमध्ये ती आठवीच्या मुलांना गणित शिकवायची. तिनं खाकी पँट पाहिली, चेहरा पाहिला, आणि ती दारातच थांबली. बापाला ओळखायला आज पडद्यातून पाहावं लागलं होतं, तिला तेवढाही वेळ लागला नाही.

"तेल्हाऱ्याचे हवालदार," ती म्हणाली. "मी पुढच्या सीटवर बसली होती."

भगवंतराव उभे राहिले. बत्तीस वर्षांत कोणा पोरीसमोर ते असे उभे राहिले नव्हते. "बेटा, तुह्या वडिलांनी त्या दिवशी पेली नव्हती. चूक माही होती."

तिनं पिशवी खाली ठेवली. "तुमाले कसं माहीत?"

"म्हणजे?"

"पेली नव्हती, हे कसं माहीत? तवा मशीन लावली होती का?"

"नव्हती."

"रक्त तपासलं होतं?"

"नाही."

"मग तवा तुमी म्हनले पेले होते, आता म्हनता नव्हते. दोन्ही वेळेस तुमच्याजवळ काहीच नाही."

"निखत," हलीमाबी म्हणाल्या.

कुर्बाननं खिशातून त्या तीन चिठ्ठ्या काढून पलंगावर ठेवल्या. निखतनं त्यातली एक उचलली, वाचली, आणि पुन्हा तिच्या जागी ठेवली.

"ही आजची आहे, अब्बा," ती हळूच म्हणाली.

मग ती भगवंतरावांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना. "मी आठ वर्षांची होती. शाळेत पोरी विचारायच्या, तुझे अब्बा आज पेले का? मी नाही म्हनायची. आणि घरी अब्बा झोपले की त्यांचं तोंड हुंगून पाहायची. रोज. दोन वर्षं. कधीच वास नाही आला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायची. आता बिमारीचे सगळे रिपोर्ट माह्याजवळ आहेत. पन त्या एका दिवसाचा रिपोर्ट नाही. तो तुमी घेतलाच नाही."

कुर्बान खाली, आपल्या पायांकडे पाहत होता. मुलगी रात्री वाकून आपला श्वास तपासायची, हे तो आज पहिल्यांदा ऐकत होता की त्याला ते तेव्हाच कळत होतं आणि तो डोळे मिटून पडून राहायचा, हे त्याच्या चेहऱ्यावरून कोणालाच सांगता आलं नसतं. भगवंतरावांना तर नाहीच.

"चहा थंडा होऊन राहिला, साहेब," कुर्बान म्हणाला.

भगवंतरावांनी उभ्यानंच चहा घेतला. दाराबाहेर पडताना त्यांनी मागे पाहिलं. निखत बापाच्या शेजारी पलंगावर बसली होती आणि त्याच्या सुटलेल्या शर्टाची गुंडी लावून देत होती. त्याच्याकडे न पाहता, पण गुंडी नीट लावत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांनी मॅडमच्या टेबलावर एक कागद ठेवला. बारा वर्षांपूर्वी तेल्हारा येथे आपण केलेल्या कारवाईत श्वासाची किंवा रक्ताची कोणतीही तपासणी झाली नव्हती, दवाखान्याचा दाखला केवळ पाहून दिलेला होता, आणि आरोपीनं औषधाबद्दल सांगितलेलं आपण लिहून घेतलं नव्हतं, असं त्यात होतं. आरोपी प्यालेला नव्हता, असं लिहायला त्यांनी रात्री तीनदा पेन उचललं होतं. ते वाक्य त्यात नव्हतं.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "गावंडे काका, प्रकरण कबुलीवर संपलंय. याचा कायद्यानं काही उपयोग होणार नाही. उलट तुम्हालाच विचारणा होईल. पेन्शनच्या तोंडावर कशाला?"

"होऊ द्या."

"काल तर तुम्ही मशीनवर संशय घेत होतात."

"घ्याची सवय आहे, मॅडम," ते म्हणाले. "एका माणसावर घ्याचा राहिला होता."

मॅडमनी कागदावर आवक नंबर टाकला आणि त्याची एक प्रत त्यांना दिली. ती त्यांनी त्याच दिवशी कुर्बानच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवली. तिचं पुढे काय झालं ते त्यांना कळलं नाही. कोणाचा फोन आला नाही, पत्र आलं नाही. खात्याकडून दोन वेळा विचारणा झाली, तिचं उत्तर त्यांनी दिलं. अकोल्यात मात्र ही गोष्ट पसरली. काही म्हणाले, म्हातारा निवृत्तीआधी पुण्य कमवून राहिला. काही म्हणाले, मॅडमनं दम दिला असेल. यापेक्षा वेगळं काही असेल असं कोणालाच वाटलं नाही. त्यांच्या जागी भगवंतराव असते तर त्यांनाही वाटलं नसतं.

एप्रिलमध्ये, अकोल्याच्या बाहेर वळणरस्त्यावर, दुपारी चारच्या उन्हात त्यांनी एक मालवाहू रिक्षा अडवली. ड्रायव्हर उतरताना गाडीच्या कडेला धरून उतरला. डोळे लाल, पाय लटपटणारे, कापसाच्या गोण्या उतरवून आलेला असावा तसा अंगभर तंतू. वास दहा फुटांवरून येत होता. मशीन पुढच्या नाक्यावर होतं, यायला अर्धा तास लागणार होता.

"काका, वास येऊन राहिला ना," धर्मेंद्र म्हणाला. "लिहून टाकू. कायले थांबता?"

"मशीन येऊ दे."

भगवंतरावांनी त्या माणसाला बाभळीच्या सावलीत आपल्या मोटारसायकलला टेकून उभं केलं, मग पाय लटपटतात हे पाहून सीटवर बसवलं. त्याला पाण्याची बाटली दिली. काही औषध घेतलंत का, साखरेचा त्रास आहे का, चक्कर येते का, हे एकेक विचारून कागदावर लिहून घेतलं. तो 'नाही' म्हणाला तेही लिहिलं. शहराकडून येणारी वाहनं हळू होत होती. आतली माणसं काचेतून पाहून हसत होती. एका शाळेच्या बसच्या खिडक्यांत मुलांची तोंडं दाटली.

भगवंतराव दोन पावलं सरकून त्या माणसाच्या पुढ्यात, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. माणूस त्यांच्या पाठीआड गेला.

मशीन आलं. आकडा चढला, शहाऐंशी; कायद्याची मर्यादा तीसची. भगवंतरावांनी तो मोठ्यानं वाचला, चिठ्ठीवर त्याची सही घेतली आणि गुन्हा नोंदवायला धर्मेंद्रला सांगितलं. धर्मेंद्र हसला. "मी म्हनलंच होतं ना काका. अर्धा तास उगाच उन्हात उभे राहिले."

त्या माणसाला न्यायला जीप यायला अजून वेळ होता. भगवंतराव परत त्याच जागी जाऊन उभे राहिले, पाठ त्या माणसाकडे आणि तोंड रस्त्याकडे, आणि वाहनं जात राहिली.